दहावीचं वर्ष आणि 'चिकाटी ठेव': म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

किनारा_दहावी (देवगड तालुका)

शाळेत 'शिक्षण आणि चिकाटी' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. लिहून झालंय, पण परत वाचलं की सगळं फळ्याच्या कोपऱ्यातल्या सुविचारासारखं वाटतं. 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिलं खरं, पण प्रयत्न म्हणजे वही उघडून काय करायचं, ते त्यात कुठेच आलं नाही. मलाच ते नीट ठाऊक नसेल तर समोरच्यांना काय सांगू?

प्रश्न भाषणापुरता नाही. पहिल्या सत्रात बीजगणितात ४० पैकी ११ आणि भूमितीत ९ पडले. दिवाळीनंतर रोज तीन तास गणित करायचं ठरवलंय. धडा वाचते, सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवते, तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं. चार दिवसांनी तेच उदाहरण समोर आलं की हात थांबतो. मग वाटतं, ही चिकाटी काही आपल्यात नाही.

घरची मोठी माणसं म्हणतात, आंब्याची कलमं आहेत, होडी आहे, एवढा जीव कशाला काढतेस? ती मायेनेच म्हणतात. पण त्यांना काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

खडू_फळा

'समजल्यासारखं वाटतं', इथेच दुखणं आहे. उदाहरण उतरवून काढताना पुढची पायरी डोळ्यांसमोरच असते, ती शोधायचं काम डोक्याला पडतच नाही. परीक्षेत नेमकं तेच काम असतं. म्हणजे तीन तास बसूनही ज्याचा सराव हवा तो झालाच नाही. यात तुझ्या चिकाटीचा दोष नाही, पद्धतीचा आहे.

असं करून बघ. उदाहरण एकदा नीट वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर सोडव. अडलीस तर पाच मिनिटं तशीच झगड. मग फक्त अडलेली पायरी बघ, पुस्तक पुन्हा मीट आणि पहिल्या ओळीपासून परत लिही. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी न बघता, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत थोडं विसरायला झालं पाहिजे. विसरत आलेलं स्वतः ओढून काढलं की ते पक्कं बसतं. चार दिवसांनी हात थांबतो म्हणतेस, तर तो थांबलेला क्षण हाच अभ्यास आहे. तिथे वही मिटू नकोस.

दुसरं, चुकांची वही कर. साधी शंभर पानी पुरे. तारीख, उदाहरणाचा क्रमांक आणि काय चुकलं ते एका ओळीत. 'घाईत चुकलं' असं लिहायचं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. नेमकं लिही. समज, श्रेढी आहे ७, ११, १५, १९... आणि विसावं पद काढायचंय. बरीच मुलं ७ मध्ये २० वेळा ४ मिळवतात आणि ८७ लिहितात. उत्तर ८३ आहे, कारण पहिल्या पदापासून विसाव्यापर्यंत पोचायला उड्या १९च लागतात. बागेत पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, रांग बघ. २० झाडं असली तर मधली अंतरं १९. पोफळी २.७ मीटरवर लावलेल्या असतील तर रांगेची लांबी ५१.३ मीटर भरते, ५४ नाही. वहीत ओळ जाईल ती अशी: 'पदं मोजली, अंतरं मोजायची होती.' ही ओळ तीनदा वाचलेलं मूल परत तिथे घसरत नाही.

आता पेपर. बीजगणित असो की भूमिती, ४० गुण आणि २ तास. पहिल्या प्रश्नात बहुपर्यायी ४ आणि एकेका गुणाचे ४. दुसऱ्यात चौकटी भरून कृती पूर्ण करायची ती ४ गुणांची आणि दोन-दोन गुणांची उदाहरणं ८ गुणांची. इथपर्यंतच २० गुण झाले. तिसऱ्यात ३ ची कृती आणि ६ ची उदाहरणं, चौथ्यात ८, पाचव्यात ३. तू आज ९-११ वर आहेस. तेव्हा महिनाभर चौथ्या-पाचव्या प्रश्नाकडे बघूही नकोस. पहिल्या दोन प्रश्नांतले २० पैकी १६ पक्के कर, मग तिसऱ्याकडे वळ. कठीण उदाहरणांनी सुरुवात केली की रोज हार पदरी पडते, आणि रोज हरून कोणी महिनाभर टिकत नाही. कृतीच्या प्रश्नात उत्तराची वाट छापूनच दिलेली असते, गाळलेली जागा भरायची. तिचा वेगळा सराव फारसं कोणी करत नाही आणि हातचे ७ गुण घालवून बसतात.

सुपारी_ते_हापूस

वरचं पटलं. मी घरच्यांच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो साधा प्रश्न नाही. कलमं आहेत, होडी आहे, हे खरंच आहे. पण ती राखायलासुद्धा दहावीचंच पुस्तक लागतं.

पोफळीच्या कोळेरोगावर, म्हणजे फळं कुजवणाऱ्या बुरशीवर, पाऊस लागायच्या आधी बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना. दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना. मोरचूद ५ लिटर पाण्यात विरघळवायचा, कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरवून गाळून घ्यायचा, गार झाला की दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची, लोखंडी अजिबात नको. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलंय, अजून चुन्याची निवळी घालायची. तसंच मारलं तर पानं नि फळं करपतात.

हा तांबूस थर तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात. लोह तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते कॉपर सल्फेटमधलं तांबं हुसकावून त्याची जागा घेतं. विस्थापन अभिक्रिया ती हीच. लोखंडी पिंप का नको, याचं उत्तरही त्यातच आलं. ज्याला कारण माहीत आहे तो अडचणीत दुसरा मार्ग काढतो. नुसती कृती पाठ असलेला चुना जुना निघाला की अडतो, कारण हवेत मुरलेल्या चुन्यात जोर राहत नाही आणि वजन बरोबर असूनही मिश्रण बिघडतं.

आंब्याचं घे. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते तेव्हा दलाली, हमाली, भाडं वजा होऊन आकडा आलेला असतो. ५० पेट्या २,००० रुपयांनी गेल्या तर लाख रुपये. दलाली १० टक्के धरली तर १० हजार, १२ टक्के लावली तर १२ हजार. हे दोन हजार पट्टीवर बोट ठेवून विचारता येतात की नाही, एवढाच प्रश्न आहे. अर्थनियोजनाचा धडा याच कामाचा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव हक्काने वापरायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. अर्ज, सातबारा, कागदपत्रं. ही कामं घरात कोणीतरी न बिचकता करणारं हवं.

होडीच्या बाजूनेही तेच. बोटीवरून पुढे मोठ्या जहाजावर जीपी रेटिंग, म्हणजे खलाशी, म्हणून जायचं तर दहावीला गणित-विज्ञान लागतं आणि इंग्रजीत ४० टक्के. दहावीनंतर आयटीआय आहे, ३ वर्षांची पदविका आहे, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावी विज्ञान करून रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. घरच्यांना 'मला हे सोडून जायचंय' असं सांगू नकोस. 'हेच नीट करायला शिकतेय' असं सांग, आणि पुढची पट्टी आली की शेजारी बसून हिशोब मांडून दाखव.

आणि भाषणात चिकाटीचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात आली, १९८१ साली. तिच्यात साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, नाही. तेवढ्यावर न थांबता रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि १९९२ मध्ये सिंधू आली, बाठ अगदी पातळ असलेली. संकराचं रोप लावलं की फळ बघायलाच काही वर्षं जातात, आणि बहुतेक रोपं शेवटी नाकारायचीच असतात. दर झाडाच्या नोंदी ठेवल्या म्हणून हे हाती लागलं.

एसटी_पास

वेळेबद्दल थोडं. सलग तीन तास हे ठरवायला बरं वाटतं, पण आठवडाभरात मोडतं. त्याचे तुकडे कर. सकाळी गाडी पकडायच्या आधी ५० मिनिटं नवीन उदाहरणं, त्या वेळी डोकं ताजं असतं. एसटीत पुस्तक उघडू नकोस, आपल्या वळणांवर मळमळतं. तिथे प्रमेयांची विधानं आणि सूत्रं मनातल्या मनात म्हणायची, अडेल ते उतरल्यावर बघायचं. संध्याकाळी ५० मिनिटं आधीची उदाहरणं न बघता. झोपायच्या आधी १५ मिनिटं चुकांची वही. दोन तास पुरे होतात.

बीजगणिताचे ६ धडे, भूमितीचे ७, मिळून १३. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत साधारण ११ आठवडे धरले तर धड्याला सहा दिवस पडतात. फेब्रुवारी फक्त घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला ठेव.

आता मोडतं कुठे ते. दिवाळीनंतर आपल्याकडे जत्रांचे दिवस. गावची जत्रा आणि रात्री दशावतार असला की त्या दिवशी अभ्यास होणार नाही, हे आधीच धरून चाल आणि जत्रेला आनंदाने जा. पाहुणे येतात, लाईट जाते, ताप येतो. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायला जाऊ नकोस. चार तास होत नाहीत, मग दोन दिवसांचं ओझं होतं, मग चार दिवसांचं, आणि शेवटी वेळापत्रकच फाडलं जातं. त्यापेक्षा रविवारची दुपार मोकळी ठेव, बुडालेलं तिथे भरायचं. नियम एकच, लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. फार वाईट दिवस असेल तर एकच उदाहरण सोडव, पण सोडव.

गाडीभाड्यामुळे कोणाचं अडत असेल तर लक्षात असू द्या, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. धाकटं भावंड आठवीत असेल तर एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं.

कुंभार्ली_घाट

एक गोष्ट ठासून सांगाविशी वाटते. चिकाटी म्हणजे तेच ते तसंच करत राहणं नव्हे.

महर्षी कर्व्यांचं उदाहरण भाषणात सगळेच देतात, पण अर्धं देतात. मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेले, एवढंच सांगतात. पुढचं असं की तिथे पोचल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट वाया. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. ते परत अभ्यासाला लागले, १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीच्या वर्षी, भारतरत्न मिळालं. पायी चालणं हे अंगमेहनतीचं काम, ते पुष्कळांना जमतं. दार तोंडावर बंद झाल्यावर घरी येऊन पुस्तक उघडणं अवघड असतं.

तुझे ११ आणि ९ हे असंच बंद झालेलं दार आहे. ते दोन पेपर शाळेतून परत मिळाले असतील तर तेच सगळ्यात मोलाचे कागद. गेलेले ६० गुण कशाने गेले, ते तीन रकान्यांत मांड: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. तिन्हींवर औषध वेगळं. पहिल्याला धडा, दुसऱ्याला चुकांची वही, तिसऱ्याला घड्याळ. हे न करता नुसते तास वाढवले तर फेब्रुवारीत पुन्हा तेच दिसेल.

किनारा_दहावी

सर, ताई, सगळ्यांचे आभार. पेपर काढून मोजले. येतच नव्हतं २६, येत होतं पण चुकलं २५, वेळ ९. मला वाटत होतं सगळंच येत नाही. भूमितीतल्या रचनेचेही गुण गेलेत, स्पर्शिका काढली होती तरी. आणि भाषणात खिळ्याचा प्रयोग करून दाखवला तर चालेल का?

खडू_फळा

२५ हा आकडा चांगला आहे, ते सगळ्यात लवकर परत मिळतात.

रचनेत गुण जातात ते बहुधा कंपासमुळे. स्क्रू सैल असला की कंस काढता काढता त्रिज्या सरकते आणि स्पर्शिका वर्तुळाला एका बिंदूत स्पर्श न करता कापून जाते. स्क्रू आवळ, पेन्सिल बारीक टोकाची ठेव. बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना केंद्र आणि तो बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढतेस ना, त्याचे कंस खोडू नकोस. ते दिसले नाहीत तर रचना केली की अंदाजाने ओढली हे तपासणाऱ्याला कळत नाही. आधी कच्ची आकृती काढ, बिंदूंना नावं दे.

सुपारी_ते_हापूस

प्रयोग जरूर कर, पाच मिनिटांत बसतो. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी, एक छोटा चमचा मोरचूद, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळ. ढवळायला काडी घे, चमचा नको. खिळा जस्त चढवलेला नसावा, साधा लोखंडी, पॉलिश पेपरने घासून घे, तेलकट राहिला तर थर नीट धरत नाही. दोऱ्याने अर्धाच बुडव, म्हणजे बाहेर काढल्यावर वरचा चकचकीत आणि खालचा तांबूस असा फरक मागच्या बाकापर्यंत दिसेल. बोलायला सुरुवात करतानाच सोड, शेवटी काढ. मोरचूद विषारी आहे, तेव्हा सरांना सांगून कर, तो ग्लास परत पाणी प्यायला वापरू नकोस, हात साबणाने धू, आणि उरलेलं पाणी विहिरीपासून लांब ओत.