मदत हवी आहे: लेनर्ड कोहेनची गाणी असलेल्या चित्रपटांची बिनचूक यादी कशी करावी?

कोमल_निषाद

कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेन याची गाणी कोणकोणत्या चित्रपटांत वाजतात, याची यादी करायला घेतली आहे. फक्त कथापट. मालिका, जाहिराती, माहितीपट वगळले आहेत. रकाने असे: गाणं, चित्रपट, साल, आवाज कोणाचा, कितव्या मिनिटाला. चित्रपटांच्या माहितीची संकेतस्थळं आणि साउंडट्रॅक अल्बमांची मुखपृष्ठं यांवरून कच्चा खर्डा तयार झाला, पण तो आपसातच भांडतो आहे.

'श्रेक'मधलं (२००१) 'हालेलूया' एका ठिकाणी जॉन केलच्या नावावर आहे, दुसरीकडे रूफस वेनराइटच्या. 'पंप अप द व्हॉल्यूम'च्या (१९९०) अल्बमवर 'एव्हरीबडी नोज' काँक्रीट ब्लाँड या बँडचं आहे, मग चित्रपटात कोहेनचा आवाज आहे की नाही? मेल गिब्सनचा 'बर्ड ऑन अ वायर' (१९९०) नुसत्या नावावरून धरायचा का? शिवाय एकाच गाण्यासाठी लोकांनी दिलेल्या वेळांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसतो. आणि संवादाखाली दबलेलं गाणं ओळखायच्या अ‍ॅपला काही केल्या ओळखता येत नाही.

कुठून सुरुवात करावी?

रिळांची_पेटी

सुरुवात रकान्यांपासून करा, कारण घोळ तिथेच आहे. तुम्ही 'गाणं' हा एकच रकाना ठेवलाय, पण त्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे एका गायकाने एका दिवशी केलेलं गायन. नाटकाची संहिता आणि प्रयोग यांत जो फरक, तोच इथे. संहिता एकच असते, प्रयोग शेकडो होतात.

चित्रपटवाल्यांनाही या दोन्हींची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. रचना चित्राला जोडण्याचा हक्क, ज्याला सिंक म्हणतात, तो प्रकाशकाकडून मिळतो. ध्वनिमुद्रण वापरण्याचा हक्क, म्हणजे मास्टर, हा रेकॉर्ड कंपनीकडून. दुसऱ्या कोणाकडून गाणं नव्याने गाऊन घेतलं, तर मूळ मास्टरची गरजच उरत नाही. फक्त सिंक लागतो आणि नव्या मुद्रणाचा खर्च. 'रचना कोहेनची, आवाज भलत्याचा' अशा नोंदी पुष्कळ सापडण्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून रकाने असे करा: रचना, गीतकार-संगीतकार, गायक, मूळ ध्वनिमुद्रणाचा अल्बम आणि साल, चित्रपट, चित्रपटाची आवृत्ती, वेळ, आणि पुरावा काय. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका.

आता तुमचे प्रश्न.

'श्रेक'मध्ये ऐकू येतो तो केल. अल्बमवर आहे तो वेनराइट. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण तुमच्या यादीत केलच जाईल. कारण साधं आहे: अल्बम 'श्रेक' बनवणाऱ्या ड्रीमवर्क्सच्याच रेकॉर्ड कंपनीने काढला आणि वेनराइट त्यांचा कलाकार होता, केल नव्हता. केलचं ते ध्वनिमुद्रण मुळात १९९१च्या 'आय अ‍ॅम युअर फॅन' या कोहेन-गौरव अल्बमचं. रचना मात्र कोहेनच्या १९८४च्या 'व्हेरियस पोझिशन्स'मधली.

'पंप अप द व्हॉल्यूम'मध्ये दोन्ही आहेत. बेकायदा रेडिओ चालवणारा नायक कोहेनची तबकडी लावतो, आणि काँक्रीट ब्लाँडचं गायनही चित्रपटात येतं. अल्बमवर फक्त दुसरं. याच चित्रपटात कोहेनचं 'इफ इट बी युअर विल'सुद्धा आहे, ते तुमच्या खर्ड्यात नसेल तर घाला.

'बर्ड ऑन अ वायर' धरायचा, पण नावावरून नव्हे. चित्रपटात ती रचना नेव्हिल ब्रदर्सच्या आवाजात आहे म्हणून. कोहेनच्या गाण्याचं नाव 'बर्ड ऑन द वायर' आहे, हा 'अ' आणि 'द'चा फरक शोधताना नडतो. टोनी पामरचा १९७४चा 'बर्ड ऑन अ वायर' हा कोहेनवरचा माहितीपट आहे, तो तुमच्या नियमाने बाहेर.

थोडक्यात, साउंडट्रॅक अल्बम हा पुरावा नाही. 'वॉचमेन' (२००९) बघा. कोहेनच्याच आवाजातलं 'हालेलूया' चित्रपटातही आहे, अल्बमवरही. पण श्रेयनामावलीवर वाजणारं 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' अल्बमवर नाहीच. अल्बम हाच आधार मानला असता तर अर्धी नोंद गेली असती.

चोविसावी_चौकट

वेळांच्या फरकाचं कोडं सोपं आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल ही टीव्हीची एक पद्धत, तिच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवतात. म्हणजे सगळं सुमारे ४ टक्के वेगाने पळतं, आणि १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. ब्लू-रे सहसा २४वर असते. एकाने जुन्या पाल डीव्हीडीवरून वेळ लिहिली आणि दुसऱ्याने ब्लू-रेवरून, की शेवटाकडच्या गाण्याला चार मिनिटांचा फरक पडणारच.

तपासायची युक्ती: फरक सुरुवातीला थोडा आणि शेवटाकडे जास्त असेल तर दोष पालचा. पालची वेळ सेकंदांत मांडून २५ने गुणा आणि २४ने भागा, मूळ वेळ मिळते. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर कंपन्यांच्या बोधचिन्हांची लांबी कमीजास्त आहे. आणि मधेच एके ठिकाणी उडी मारत असेल तर तो वेगळा कापलेला चित्रपट आहे, त्याची स्वतंत्र ओळ करा.

अ‍ॅप न ओळखण्यामागेही कधी कधी हेच असतं. वेग वाढवताना सूर सावरून घेतला नसेल तर तो अर्ध्या स्वराच्या सुमारे पाऊण भागाइतका चढतो. कानाला फारसं जाणवत नाही, पण अ‍ॅप ठशांसारखी जुळणी करतं, त्याला तेवढं पुरतं. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तो तुकडा उघडून वेग उणे ४ टक्के करा आणि मग अ‍ॅपला ऐकवा.

संवादाखाली दबलेल्या गाण्यासाठी: ५.१ ध्वनी, म्हणजे सहा वेगळ्या वाहिन्यांचा ध्वनी, असलेली प्रत घ्या. संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात, गाणं डाव्या-उजव्या आणि मागच्या वाहिन्यांत पसरलेलं. ऑडॅसिटीला एफएफएमपेग हा फाइली वाचणारा जोड-प्रोग्रॅम जोडलेला असेल तर ती फाइल सहा वेगळ्या पट्ट्यांत उघडते. क्रम सहसा डावी, उजवी, मधली, खर्जाची, मागची डावी, मागची उजवी. तिसरी पट्टी बंद करा. गाणं एकदम वर येतं. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुरतो.

चित्रपट मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, असेल तर हा उपाय व्यर्थ. त्याच्या डिस्कवर ५.१ लिहिलेलं असलं तरी आतला ध्वनी ओढूनताणून पसरवलेला असू शकतो. दृश्यातल्या रेडिओतून येणारं गाणंही नडतं, कारण ध्वनी-संयोजक त्याचा खर्ज आणि वरचे स्वर मुद्दाम छाटतात. तिथे कानच वापरा. कोहेनच्या बाबतीत शब्दांची एक ओळ पकडता आली तरी काम होतं. मात्र त्यावरून रचना कळते, गायक नाही.

रिळांची_पेटी

वरच्यात एक भर. अ‍ॅपने दिलेलं गायकाचं नाव बरोबर असलं, तरी अल्बमचं नाव डोळे मिटून उतरवू नका. तेच ध्वनिमुद्रण पाच संकलनांत असतं आणि अ‍ॅप त्यातलं कुठलंही एक दाखवतं. मूळ अल्बम स्वतः शोधा.

श्रेयनामावली

वर पुराव्याचा विषय निघालाय म्हणून. सगळ्यात भक्कम पुरावा चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या पाट्यांतच असतो. लोक उठून जातात तिथेच. 'साँग्स' किंवा 'म्युझिक' हा भाग बहुतेक वेळा अगदी शेवटाकडे, आभार आणि प्रताधिकाराच्या ओळींच्या आसपास असतो. तिथे थांबवून वाचा:

'रिटन बाय' म्हणजे रचना कोणाची. 'परफॉर्म्ड बाय' म्हणजे आवाज कोणाचा. 'कर्टसी ऑफ' म्हणजे मास्टर कोणाकडून आलं. गायक एक आणि रचनाकार दुसरा असेल तर इथे लगेच दिसतं. 'कर्टसी ऑफ'ची ओळच नसेल, तर गाणं बहुधा चित्रपटासाठीच मुद्रित केलेलं असतं किंवा पडद्यावरचं पात्र ते गुणगुणतं.

'रिटन बाय' नीट वाचा, कारण कोहेन तिथे नेहमी एकटा नसतो. 'एव्हरीबडी नोज' आणि 'वेटिंग फॉर द मिरॅकल' ही शॅरन रॉबिन्सनबरोबरची आहेत. 'टेक धिस वॉल्ट्झ'चे शब्द लोर्काच्या स्पॅनिश कवितेवरून घेतलेले, त्यामुळे तिथे लोर्काचंही नाव येतं. (सारा पॉलीच्या २०११च्या चित्रपटाला नावही त्याच गाण्याचं आहे, आणि गाणं आत वाजतंही.)

संकेतस्थळांवर कोहेनच्या पानावर 'साउंडट्रॅक' म्हणून जी लांबलचक यादी येते, तिच्यात प्रत्येक नोंदीपुढे 'परफॉर्मर' की 'रायटर' ते लिहिलेलं असतं. आधी त्यावरून दोन गठ्ठे करा. ही माहिती वाचकच भरतात, त्यामुळे तिचा उपयोग फक्त पत्ता म्हणून. खातरजमा पाट्यांवर.

आवृत्तीचा रकाना का हवा, याचं उत्तम उदाहरण 'जस्टिस लीग'. २०१७ला चित्रपटगृहांत आलेल्यात 'एव्हरीबडी नोज' आहे, सिग्रिडच्या आवाजात. झॅक स्नायडरच्या २०२१च्या आवृत्तीत शेवटी 'हालेलूया' आहे, अ‍ॅलिसन क्रोच्या आवाजात. एकाच ओळीत कोंबलंत तर दोन्ही चुकेल.

आणि झलक (ट्रेलर)! झलकेतलं गाणं चित्रपटात असेलच असं नाही. तिची परवानगी वेगळी घेतली जाते आणि ती बनवणारे लोकही बहुधा वेगळे असतात. पुरावा फक्त झलकेचा असेल तर नोंद खोडा.

कोमल_निषाद

हे फारच कामाचं निघालं. रकाने बदलले, पाट्या वाचायला घेतल्या. 'सेक्रेटरी' (२००२, 'आय अ‍ॅम युअर मॅन') आणि 'वंडर बॉइज' (२०००, 'वेटिंग फॉर द मिरॅकल') सरळ जुळले. आता अडचण रॉबर्ट आल्टमनच्या 'मॅककेब अँड मिसेस मिलर'ची (१९७१). गाणी तीनच, 'द स्ट्रेंजर साँग', 'सिस्टर्स ऑफ मर्सी', 'विंटर लेडी'. पण ती तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि मधे नुसती गिटारही वाजते. तीन नोंदी करू की दहा? आणि १९८५चा 'नाइट मॅजिक' कुठे बसवू?

श्रेयनामावली

व्यवसायात याला ठरलेली पद्धत आहे, क्यू शीट. चित्रपटात संगीत जितक्या वेळा सुरू होऊन थांबतं, तितके क्यू. प्रत्येक क्यूला रचना, रचनाकार, प्रकाशक, मिनिट-सेकंदांत लांबी आणि वापराचा प्रकार. रचनाकारांच्या संस्था मानधनाची वाटणी याच कागदावरून करतात. प्रकार मुख्यतः असे: पार्श्वभूमीला गायन, पार्श्वभूमीला नुसतं वादन, दृश्यात गायन, दृश्यात वादन, आरंभीची पाटी, शेवटची पाटी.

तेच तुम्ही करा. 'मॅककेब'साठी मुख्य ओळी तीन, आणि प्रत्येकीखाली क्यूंच्या उपओळी. आरंभी घोडेस्वार येतो तिथे 'द स्ट्रेंजर साँग', शेवटच्या बर्फात 'विंटर लेडी'. नुसत्या गिटारीचा तुकडा कुठल्या गाण्याचा ते खात्रीने कळलं तरच त्याखाली लिहा, एरवी 'गिटार, रचना अनिश्चित' अशी वेगळी ओळ. तिन्ही गाणी १९६७च्या 'साँग्स ऑफ लेनर्ड कोहेन'मधली आहेत, म्हणजे चित्रपटाच्या आधीची. ती चित्रपटासाठी लिहिली होती असं जिथे तिथे सांगितलं जातं, कारण बसलीच आहेत तशी. ते खरं नाही.

प्रकाराचा रकाना इतरत्रही कामी येईल. अ‍ॅटम इगोयानच्या 'एक्झॉटिका'त (१९९४) 'एव्हरीबडी नोज'वर पात्र नाचतं, म्हणजे ते दृश्यातलं गायन. 'नॅचरल बॉर्न किलर्स'मध्ये (१९९४) आरंभी 'वेटिंग फॉर द मिरॅकल' आणि शेवटी 'द फ्यूचर' आहे. दोन्ही काटछाट केलेली. अल्बमवरही 'एडिट' असं लिहिलंय, शिवाय त्या अल्बमवर गाण्यांत चित्रपटातले संवाद मिसळलेत, त्यामुळे लांबी मोजायला तो घेऊ नका.

'नाइट मॅजिक'चं संगीत लुइस फ्युरीचं, शब्द कोहेनचे. चाल कोहेनची नाही, आवाजही नाही. 'फक्त शब्द' असा वेगळा तक्ता करा.

चोविसावी_चौकट

वेर्नर हेरझोगचा 'फाटा मॉर्गाना' (१९७१) पाहिलात का यादीत? 'सुझॅन', 'सो लाँग, मरिअ‍ॅन' आणि 'हे, दॅट्स नो वे टु से गुडबाय' आहेत. तो कथापट म्हणायचा की नाही हे तुमच्या नियमावर. कथा अशी नाहीच त्यात, वाळवंट आहे आणि मृगजळ.

कोमल_निषाद

'वर्गीकरण वादग्रस्त' असा रकाना वाढवला. शेवटचं एक: एकाच गायकाची एकाच गाण्याची दोन मुद्रणं, एक स्टुडिओतलं आणि एक मैफलीतलं, ही यादीत वेगळी कशी दाखवायची?

रिळांची_पेटी

आयएसआरसी क्रमांक लिहा. तो ध्वनिमुद्रणाचा असतो, एकूण १२ अक्षरं-अंक: पहिली दोन देशाची, पुढची तीन नोंदणी करणाऱ्याची, मग सालाचे दोन अंक आणि अनुक्रमाचे पाच. ते साल क्रमांक दिल्याचं असतं, गाणं गायल्याचं नव्हे. १९६७च्या गाण्यापुढे भलतंच साल दिसलं तर बिचकू नका. रचनेचा क्रमांक वेगळा, आयएसडब्ल्यूसी, 'टी'ने सुरू होणारा. तो स्टुडिओ, मैफल, केल किंवा 'हालेलूया' गाणारा जेफ बकली, सगळ्यांना सारखाच राहतो, त्यामुळे यादी त्या रकान्यावर लावली की एका रचनेच्या सगळ्या ओळी एकाखाली एक येतील.