नाताळात गोव्याला येताय? मग आपल्या संघांची खबर घ्या

विषय: सुट्टीत मुलाला कुठला सामना दाखवू?
(मेलबर्नहून, डिसेंबर २०२५)

नमस्कार मंडळी,

२० तारखेला आम्ही फोंड्याला पोचतो. लेक बारा वर्षांचा आहे. एमसीजीवरची बॉक्सिंग डे कसोटी, तीही ॲशेसची, बुडते म्हणून गाल फुगवून बसलाय. 'गोव्यात तुला अस्सल फुटबॉल दाखवते' असे कबूल करून बसले आहे. आता तो विचारतो, "आई, तुझी टीम कुठली?" मी माहेर सोडले तेव्हा धेंपो आणि साळगावकर या दोन क्लबांची नावे माहीत होती, बास. हल्ली काय चालू आहे? फोंड्याच्या काकांनी सांगावे.

उत्तर: सुट्टीत मुलाला कुठला सामना दाखवू?
(फोंड्याहून)

बाय,

आधी वाईट बातमी. आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या फुटबॉल लीगचा, सामना या नाताळात मिळायचा नाही. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच नव्हे, देशात कुठेच नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपला, नवा झालेला नाही, आणि मोसम अजून सुरूच झालेला नाही. खेळाडू सराव करतायत आणि तारखेची वाट बघतायत.

आता चांगली. २४ डिसेंबरला फातोर्ड्याला आपला आयएसएलमधला संघ एफसी गोवा विरुद्ध ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल, एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेतला सामना आहे. गटातून पुढे जायची आशा संपलेली आहे, तेव्हा निकालाची काळजी करू नकोस. पोराला घेऊन जा. सासष्टी तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना त्या रात्री चर्चमध्ये मिस्साला पोचायचे असते, त्यामुळे सामना संपल्यावर रस्त्यावर काय उडते ते बघण्यासारखे असेल.

याच गटात सौदीचा अल नस्र होता. २२ ऑक्टोबरला ते फातोर्ड्याला आले. रोनाल्डो आला नाही! लोकांनी त्याच्यासाठी तिकिटे काढली होती, माझ्या शेजाऱ्याच्या मुलाने तर पिवळा शर्टसुद्धा. पण खेळ काय झाला सांगू? ०-२ मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिसने मध्यंतराआधी एक गोल मारला आणि स्टेडियमचे छप्पर उडायचे बाकी राहिले. १-२ हरलो. रियाधला मात्र ०-४. तिथे काही बोलायला जागा नाही.

मग ७ डिसेंबरला देशातल्या क्लबांच्या सुपर कपचा अंतिम सामना, पुन्हा फातोर्ड्यालाच, ईस्ट बंगालशी. जादा वेळेनंतरही ०-० आणि पेनल्टीत ६-५. मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून हाच चषक आणला होता, तो राखला. २०१९ चा धरून तिसरा. लेकाला सांगताना इथून सुरुवात कर, मन लागेल त्याचे.

पण तू विचारलेस 'तुझी टीम कुठली', म्हणून मला जे खरोखर सांगायचे आहे ते पुढे.

त्याच सुपर कपात ऐनवेळी जागा मिळून धेंपो खेळायला उतरला. सगळे भारतीय खेळाडू, एकही परदेशी नाही, प्रशिक्षक आपला समीर नाईक, जो याच क्लबच्या बचावफळीत वर्षानुवर्षे खेळला. समोर कोलकात्याचे कोट्यवधींचे संघ. ईस्ट बंगालशी २-२, आणि बरोबरीचा गोल सामना संपत आला असताना लक्ष्मणराव राणेचा. मग मोहन बागानशी ०-०. मोहन बागान म्हणजे आयएसएलचा २०२४-२५ चा विजेता! तो सामना मी फातोर्ड्याला बसून पाहिला. शेवटची दहा मिनिटे कोणी खाली बसले नाही.

हा तोच धेंपो, ज्याने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. तेवढी कोणत्याही कोलकात्याच्या क्लबला जिंकता आली नव्हती. मग २०१६ साली महासंघाने आय-लीगला, म्हणजे याच राष्ट्रीय लीगला, आयएसएलपेक्षा दुय्यम करायचा आराखडा काढला, आणि साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो एकामागून एक बाहेर पडले. तेव्हा लोक म्हणाले, जुन्या जमीनदारांचा रुसवा आहे. आज बघ, वरच्या लीगला तारीख नाही, खालच्या लीगलाही नाही. रुसवा नव्हता तो. त्यांनी हिशेब आधी केला होता. साळगावकर राष्ट्रीय लीगमध्ये परतला नाही, धेंपो मात्र खालून चढत २०२४ मध्ये आय-लीगमध्ये आला. वार्क्याच्या चर्चिल ब्रदर्स क्लबची गोष्ट आणखी कडू. गेल्या एप्रिलमध्ये आय-लीगचे विजेते ठरवून चषक हाती दिला, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने तो मान इंटर काशीला दिला.

क्रिकेट पटकन सांगतो. घरच्या मैदानावर काही नाही, गोव्याचा संघ २४ तारखेपासून विजय हजारे करंडकासाठी जयपूरला. गटात मुंबई आणि महाराष्ट्र दोघेही आहेत, म्हणजे आपल्या या मेलिंग यादीवर भांडण नक्की. तरी पर्वरीच्या मैदानावरून गाडी नेलीस तर थांबव. २०२४ च्या नोव्हेंबरात अरुणाचलविरुद्ध स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बकले नाबाद ३००, दोघांची अभेद्य ६०६ ची भागीदारी तिथलीच. रणजीच्या खालच्या, प्लेट गटात होतो म्हणून नाक मुरडू नका, जानेवारीत नागालँडला हरवून वर आलो. आणि मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचे नाव लेकाला माहीत नसेल तर ते तुझ्याकडे लागले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा केल्या होत्या त्यांनी.

बुद्धिबळाचा विश्वचषक नोव्हेंबरात हडफड्याला झाला, उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला. मी गेलो नाही, मला त्यातले कळत नाही. घरच्यांना आपली गोव्याची बुद्धिबळपटू भक्ती कुलकर्णी हिच्यामुळे कळते.

उत्तर: सुट्टीत मुलाला कुठला सामना दाखवू?
(मस्कतहून)

काका, नमस्कार.

तुम्ही एफसी गोवाचे कौतुक केलेत, पण हातचे राखून. १३ ऑगस्टला फातोर्ड्याला आपण ओमानच्या अल सीबला २-१ हरवून या स्पर्धेत शिरलो, ते तुम्ही गाळलेत! इथे ऑफिसात माझ्यासमोरच अल सीबचा चाहता बसतो. द्राझिच आणि सिव्हेरियोचे गोल मी त्याला आठवडाभर फोनवर दाखवले. पंचवीस वर्षे या देशात राहतोय, अशी संधी कधी आली नव्हती.

आणि २०२१? आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेत गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब कोण? एफसी गोवा. लोराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेला कतारचा अल रय्यान आला आणि ०-० घेऊन गेला. जुन्या क्लबांबद्दल मलाही माया आहे, पण खरे सांगा, धेंपोच्या लीगच्या सामन्याला फातोर्ड्याचा एक कोपरा तरी भरायचा का? मी १९९९ च्या मोसमात साळगावकर जिंकताना पाहिलाय, पलीकडच्या स्टँडमधला शिंकला तर ऐकू यायचे. ब्राझीलचा झिको प्रशिक्षक म्हणून इथे येऊन तीन मोसम राहिला तो आयएसएलमुळेच.

ताईंनी मुलाला एफसी गोवाचा नारिंगी शर्ट घ्यावा. भूतकाळ त्याच्या गळ्यात कशाला बांधायचा?

उत्तर: सुट्टीत मुलाला कुठला सामना दाखवू?
(फोंड्याहून)

बाबू, अल सीब राहिला, मान्य. तुझ्या शेजारच्या माणसाला माझा नमस्कार सांग.

गर्दीचेही मान्य. पण नारिंगी शर्टाखाली कोण होते ते बघ. मंदार राव देसाई कुठून आला? धेंपोतून. रोमिओ फर्नांडिस? धेंपो. आणि २०१४ साली एफसी गोवाच्या मालकांत कोण होते? दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. ज्याला तू भूतकाळ म्हणतोस त्यानेच वर्तमानाला भांडवल दिले. गर्दी झिकोने जमवली, यात वाद नाही. पण गर्दी जमली म्हणून गावातल्या पोराला खेळायला लीग हवी हे विसरायचे का? आजच्या घडीला आहे का त्याच्याकडे?

बाय, ठरवायचे तुझ्या लेकाने. २४ ला त्याला फातोर्ड्याला ने. नाताळ झाल्यावर एका संध्याकाळी मी त्याला सासष्टीत नेतो, भात कापून झालेल्या शेतात गावागावांचे सामने लागलेले असतात. बसायला खुर्ची नसते, कडेला उभे राहावे लागते आणि चेंडू कधी कधी तोंडावर येतो. चष्मा असेल तर काढून ठेवायला सांग.

तिकिटे किती हवीत ते रविवारपर्यंत कळव. तुमचे बाबाही येतील ना? त्यांचा गुडघा दुखतो म्हणत होते, तर पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशा बाजूची बघतो. आणि मस्कतकर, तुम्ही येत असाल तर तुमचेही काढून ठेवतो, पण बसायचे माझ्या शेजारी.