लंडन आवडतंय, तरी दुपारी चार वाजले की जीव का खालीवर होतो?

कृष्णाकाठ :
सप्टेंबरात मास्टर्ससाठी इथं आलो. शहराबद्दल तक्रार नाही. संग्रहालयं फुकट, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं, बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की मन हरखून जातं. पण नोव्हेंबर लागल्यापासून चारनंतर काही सुचत नाही. सकाळी वाटतं हे शहर सोडूच नये, आणि रात्री विमानाची तिकिटं बघत बसतो. यात हवामान किती, जेवण किती आणि मन किती, हे कसं ओळखायचं? प्रत्यक्षात कशानं फरक पडतो तेवढं सांगा. ‘खंबीर राहा’ नको.

उत्तरायण :
चारची वेळ तू नेमकी पकडली आहेस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात आणि संध्याकाळ एका रात्रीत तासभर अलीकडे येते. डिसेंबरच्या मध्याला सूर्य ३ वाजून ५१ मिनिटांनी मावळतो. २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा, आपल्याकडे पुण्यात तोच ११ तासांचा. त्यात मास्टर्सवाला दहाला उठून बाराला ग्रंथालयात शिरला, तर उजेड अंगावर पडणार कधी?

म्हणून पहिलं काम वेळेचं. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान अर्धा तास बाहेर चालायचं, आभाळ भरलेलं असलं तरी. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. अभ्यासाचं जड काम दुपारी तीनच्या आत संपव. चार ते सहा माणसांत राहा: जिम, गटचर्चा, स्वयंपाक, काहीही. त्या वेळी खोलीत एकट्यानं पडून राहिलं की झोप लागते, मग रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हातची जाते. हे चक्रच खरं घातक आहे.

ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे डबीवर ४०० आययू, ऑक्टोबर ते मार्च. या महिन्यांत इथलं ऊन ते तयार करायला पुरत नाही. सावळ्या कातडीच्या माणसांना वर्षभर घ्यायचा विचार करायला सांगतात.

आणि एक धीराची गोष्ट. सूर्यास्त २१ डिसेंबरच्या आधीच पुन्हा उशिरा व्हायला लागतो. जानेवारीअखेर तो पावणेपाचच्या आसपास असतो.

भाकरतुकडा :
जेवणाचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा असतो. सँडविच आणि पास्त्यावर आठवडा काढला की पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला ज्वारी-बाजरीचं पीठ मिळतं. पिशवीवरची तारीख बघून लहान पिशवी घे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. तशी फाटायला लागली तर उकड काढ: एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं, एक वाटी पीठ घालून ढवळायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं, मग कोमट असतानाच मळायचं. इलेक्ट्रिक शेगडीला ज्योत नाही, म्हणून दोन्ही बाजू तव्यावर झाल्या की भाकरी ओव्हनच्या कडक तापलेल्या ग्रिलखाली अर्धा मिनिट धर, टम्म फुगते. शेगडी इंडक्शनची असेल तर लोखंडी तवा घे, घरून आणलेला ॲल्युमिनियमचा चालणार नाही.

फोडणीनं धुराचा भोंगा वाजतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बोळातला, स्वयंपाकघराचं दार उघडं राहिल्यामुळे. दार लावायचं, तेल तापायच्या आधी एक्झॉस्ट चालू करायचा, आच मध्यम. भोंग्यावर पिशवी बांधायची नाही, तो जीव वाचवायला आहे. हिंगाची डबी मात्र दुसऱ्या घट्ट डब्यात ठेव, नाहीतर घरातल्या बाकीच्यांची कॉफीसुद्धा हिंगाची होते.

टेम्सपार :
फोनचं गणित बदल. उन्हाळ्यात भारताशी साडेचार तासांचा फरक असतो, आता साडेपाच. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे घरी साडेअकरा. दमलेल्या आईशी ‘जेवलास का?’, ‘हो’, ‘बरं आहे ना?’, ‘हो, मजेत’ एवढंच होतं आणि फोन ठेवल्यावर जास्त एकटं वाटतं. त्याऐवजी सकाळी साडेसातला कर, तिकडे एक वाजलेला असतो, पानं वाढायची वेळ. रविवारी सकाळी दहाला, म्हणजे तिकडच्या साडेतीनच्या चहाला, निवांत बोल. आणि एखादी रडकी गोष्टही सांग. घरच्यांना फक्त टॉवर ब्रिजचे फोटो पाठवले की पुढे खरं सांगणं अवघड होत जातं.

माणसं हवीत तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. आणि एखाद्या शनिवारी चॉक फार्म स्टेशनला उतरून १०, किंग हेन्रीज रोडला जा. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना तिथं राहत होते. महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५ मध्ये घेतलं. तिथून प्रिमरोझ हिल चालत गाठता येते. टेकडीवरून सगळं शहर दिसतं, पण तीनच्या आत पोच.

कृष्णाकाठ :
भाकरीचं आजच करून बघतो. आणखी एक: रिकामे शनिवार-रविवार खायला उठतात. कॅफेतल्या शिफ्ट वाढवल्या तर?

टेम्सपार :
आधी व्हिसावरची अट वाच. पदवी किंवा मास्टर्सला सहसा सत्रात आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजतात. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ अशी सरासरी चालत नाही, २४ तासांचा आठवडा नियमभंगच. मास्टर्सचा उन्हाळा, प्रबंधाचा काळ, तोही सत्रातच धरतात. इथं बरेच जण फसतात.

उत्तरायण :
मन किती, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. उजेड, झोप, जेवण यांची घडी दोन आठवडे नीट बसवूनही भूक, झोप, वर्गात जाणं सुधारलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरलेला आहेस, जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, भेटायचे पैसे पडत नाहीत. नाव नोंदवलं नसेल तर याच आठवड्यात नोंदव. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून त्यांनी नोंदणी नाकारायची नसते. एकदा नोंदणी झाली की एनएचएस टॉकिंग थेरपीजसाठी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या मानसोपचारासाठी, स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो, पण नंबर लागायला वेळ जातो, म्हणून विद्यापीठाच्या समुपदेशकांकडेही त्याच दिवशी अर्ज टाक. जिवाचं काही बरंवाईट करावं असे विचार आले तर थांबायचं नाही: १११ लावून २ दाबायचं, दिवसरात्र चालू असतं. जीव धोक्यात असेल तर ९९९.