दोस्त राष्ट्रांपैकी विजयात वाटा कोणाचा मोठा?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): दुसऱ्या महायुद्धावरून आमच्या मित्रमंडळीत दोन तट पडले आहेत. दोस्त राष्ट्रांचा वाटा मोजायचा तरी कशाने: माणसांनी, पैशाने की मालाने?

पंचवटीकर: रक्ताचा हिशेब मांडल्यास सोव्हिएत संघाच्या जवळपासही कोणी येत नाही. त्यांची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली आणि जर्मन सैन्याचे कंबरडे मोडले तेही प्रामुख्याने पूर्व आघाडीवरच.

देवळालीकर: मान्य, परंतु अमेरिकेने उधारीवर पाठवलेले सुमारे ४ लाख ट्रक व जीप नसते, तर सोव्हिएत सैन्य १९४४ मध्ये इतक्या वेगाने पश्चिमेकडे सरकले असते, असे मला वाटत नाही. त्यांच्या कात्युशा या अग्निबाणांचे कित्येक संच अमेरिकी स्टुडबेकर ट्रकांवरच बसवलेले होते.

सातपूरकर: या वादात भारत नेहमीप्रमाणे ब्रिटनच्या खात्यात जमा होतो, हे खटकते. सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना हयातीत व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. शिवाय युद्ध संपले तेव्हा ब्रिटनच भारताचे १०० कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होता.