लस्केंटायरची पुळण: तुम्ही गेलात तेव्हा काय झालं?

धागाकर्ती (ग्लासगो)

फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "मालदीव का गं?" नाही हो. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. त्यातल्या हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही पुळण. अक्षांश जवळजवळ ५८, म्हणजे मुंबईच्या तिप्पट वर. पाणी हिरवंनिळं, वाळू पिठीसाखरेसारखी, आणि ऐन मे महिन्यात मी चार थर कपडे घालून वर कानटोपी. फोटोत रंग येतो, वारा येत नाही. म्हणून हा धागा. जे जाऊन आलात त्यांनी लिहा. फोटो नकोत, काय झालं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. स्काय बेटावरच्या ऊइगहून हॅरिसच्या टार्बर्टला जाणारी आमची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली. पावणेदोन तासांचा प्रवास, त्यासाठी अख्खा दिवस गाडीत बसून काढला. नवरा दर दहा मिनिटांनी हवामानाचं ॲप उघडत होता, जणू त्यानं बघितलं की वारा पडणार. दुसऱ्या दिवशी पोचलो. टार्बर्टहून दक्षिणेला निघालं की आधी नुसता करडा कातळ, मध्ये डबकी, कुठे चार मेंढ्या. धाकटी म्हणाली, "आई, बीच कुठेय?" म्हटलं, येईल. मलाच खात्री नव्हती. मग चढ संपतो, रस्ता उताराला लागतो आणि खाली एकदम सगळी खाडी उघडी पडते. ओहोटी होती. वाळू संपतच नव्हती.

तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. डबा उघडला आणि वरची पुरी गेली. खरंच गेली, चकतीसारखी भिरभिरत. दुसरी चावली तर दाताखाली कचकच. शेवटी गाडीत बसून, काचा वर करून खाल्लं. तेवढ्यात ऊन, भुरभुर, गारा आणि परत ऊन, सगळं होऊन गेलं.

रत्नागिरीची आजी

पोरी, पुरीचं वाचून हसले. मी लेकाकडे ॲबर्डीनला तीन महिने होते, तेव्हा जूनच्या शेवटी गेलो. मला लिहायची सवय नाही, गोड मानून घ्या.

त्या वाळूत मला पहिल्यांदा घरचं काही दिसलं असेल तर शिंपले. आमच्याकडची वाळू काळसर. ही मूठभर घेतली, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेली, तर सगळ्या कपच्या. पांढऱ्या, एखादी गुलाबी, एखादी जांभळट कडेची. दगडाची वाळू नव्हेच ती, शिंपल्यांचा चुरा. आमच्या लहानपणी शिंपले भट्टीत भाजून चुना करत. लेकाला म्हटलं, अरे हा न भाजलेला चुना आहे. सून शेतकी शिकलेली, तिनं पुढचं सांगितलं: ही वाळू वाऱ्यानं आत उडते, तिथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन आंबट असते, चुन्यानं तिचा आंबटपणा मरतो आणि वर गवत नि फुलं माजतात. त्या रानाला तिकडे 'मॅखर' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी नुसतं भरलेलं होतं.

पण एक गोष्ट सांगते. गाडी लावतो त्याच्या शेजारीच दफनभूमी आहे, अगदी समुद्राला लागून. मला प्रश्न पडला, एवढी सपाट, चांगली जमीन आणि घरं इतकी थोडी? माणसं गेली कुठे? एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी या बाजूच्या कुळांना उठवलं आणि मेंढ्या पाळल्या. काही समुद्रापार गेले, बाकीचे पूर्वेच्या कातळावर जाऊन राहिले. तिथे माती इतकी कमी की माणूस पुरायलाही जागा नाही. मग मयत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून इथे, आपल्या जुन्या गावी आणायचे. त्या वाटेला अजून 'कॉफिन रोड' म्हणतात. वाटेत खांदेकरी दमून थांबायचे तिथे दगड रचलेले आहेत. विसावाच तो. मी वाट चढले नाही, गुडघे नाहीत. पण खाली उभी राहून बराच वेळ तिकडे बघत होते.

सायकलवाला (पुणे)

आजी, मी त्या खिंडीखालून गेलो आणि मला हे काहीच माहीत नव्हतं. माझं डोकं हँडलमध्ये होतं.

मी हेब्रिडियन वे हा सायकलमार्ग केला. व्हॅटरसे ते बट ऑफ लुईस, १८५ मैल, दहा बेटं. सगळे दक्षिणेकडून उत्तरेला जातात, कारण वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो, पाठीशी राहतो. माझ्या नशिबी ईशान्येचा. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं! बर्नरे बेटाहून हॅरिसच्या लेव्हरबर्गला येणारी फेरी मात्र मजेची. तासाभराचा प्रवास, पण बोट सरळ जातच नाही, खडकांमधून नागमोडी वळत राहते.

उतरलो शनिवारी संध्याकाळी. नवख्यांनो, हे लिहून ठेवा: हॅरिसवर रविवार म्हणजे रविवार. चर्च पाळणारा समाज आहे, दुकान बंद, पंप बंद. मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर दिवस काढला. हॉर्गबॉस्टच्या कॅम्पसाइटवर तंबू ठोकला होता, तिथून समोर टॅरन्से बेट दिसतं. रात्री अकरालाही पुस्तक वाचता येईल इतका उजेड. झोप नाही लागली, पण तक्रार नाही.

निनावी

तीन दिवस होतो. धुकं. समोर बेट आहे हे मला आत्ता वरच्या प्रतिसादातून कळलं.

मालवणकर (सध्या लेस्टर)

मी किनाऱ्यावर वाढलेला माणूस. भरती-ओहोटी मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी बायकोला त्या दिवशी सकाळी म्हणालो होतो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

लस्केंटायर आणि पलीकडचं सेलेबॉस्ट यांच्यामध्ये खाडीचं मुख आहे. ओहोटीला तिथे वाळूचं मैदान होतं, मधून पाण्याचा एक पाट. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट गळ्यात अडकवून निघालो. पाणी पोटरीपर्यंत, इतकं स्वच्छ की पायाची नखं मोजावीत. पलीकडच्या वाळूवर पाऊण तास रमलो. परत फिरलो तर पाट रुंद झालेला. पौर्णिमा कालची, म्हणजे उधाणाची भरती, हे मला कळायला हवं होतं. आपल्याकडे किनारा उताराचा, पाणी समोरून चढताना दिसतं. इथे एवढ्या सपाट वाळूवर ते आवाज न करता बाजूने, मागून, पसरत येतं. कमरेपर्यंत पाण्यातून आलो. ऑगस्टमध्ये तिथला समुद्र १३-१४ अंशांचा असतो. कमरेखाली काय काय गोठलं ते इथे लिहीत नाही. बायको काठावर उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ घेत होती.

भरतीचं वेळापत्रक बघून जा. मालवणचे असाल तर दोनदा बघा.

इचलकरंजीकर

धागा अनुभवाचा आहे, मी खऱ्या धाग्याचा अनुभव लिहितो.

पुळण बघून झाली होती. छान आहे, खोटं कशाला बोलू, पण मला समुद्राचं फार वेड नाही. परतताना रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमधून आवाज आला आणि मी गाडी थांबवली. खटक-खटक, खटक-खटक. माझं बालपण त्या आवाजात गेलंय. आत एक म्हातारे गृहस्थ माग चालवत होते, पायाने. वीज नाही. पायट्या मारल्या की धोटा इकडून तिकडे. आमच्याकडे यंत्रमागांच्या गोंगाटात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. इथे एकच माग आणि खिडकीबाहेर समुद्र.

इथल्या लोकरी कापडाला हॅरिस ट्वीड नाव लावायचं तर ते याच बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेलं हवं, असा १९९३ चा कायदाच आहे. सूत गिरणीतून येतं, विणून झालेलं कापड धुवायला, फिनिशिंगला परत गिरणीत जातं, मग त्यावर गोलाचा शिक्का. मला आवडलेली गोष्ट: इथे सूत रंगवत नाहीत, आधी लोकर रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर मिसळून सूत काततात. त्यांनी कांडीवरचं सूत हातात दिलं. लांबून तपकिरी. नखाने उकललं तर आत निळा, हिरवा, शेवाळी, एक केशरी केस. बाहेरचा डोंगर जसा दिसत होता तसाच.

मी म्हटलं, माझे आजोबा विणकर होते. त्यांनी उठून जागा दिली. चार वेळा पाय मारले, पाचव्याला धागा तुटला. त्यांनी न बोलता गाठ मारली, आजोबा मारायचे तशीच, दोन बोटांत.

स्टॉर्नोवेतली नर्स

मी इथे चार वर्षं आहे, लुईसवर. (लुईस आणि हॅरिस ही दोन नावं असली तरी जमीन एकच. पण हे हॅरिसच्या माणसाला सांगू नका.)

तुम्ही सगळे उन्हाळ्याचे पाहुणे. मी जानेवारीत गेले, सुट्टीच तेव्हा मिळाली. उजेड सहा-साडेसहा तासांचा, त्यातही सूर्य डोंगराच्या कडेकडेनं सरपटत जातो. सगळ्या पुळणीवर मी एकटी आणि एक कुत्रा, त्याचा मालक कुठे दिसला नाही. उन्हाळ्यात इथे कॅम्परव्हॅनची रांग लागते. एका गाडीपुरता रस्ता आणि गाडी मागे घ्यायला कचरणारे चालक, त्यामुळे गावकऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पासिंग प्लेस (रस्त्याकडेची रुंद जागा) समोरच्याला वाट द्यायला थांबण्यासाठी असते, पार्किंगसाठी नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा. आणि समोरच्यानं वाट दिली की हात वर करा. इथे तो नमस्कारच.

टॅरन्सेबद्दल: तिथलं शेवटचं कुटुंब १९७४ मध्ये निघून आलं. २००० साली बीबीसीनं वर्षभरासाठी ३६ माणसं नेऊन ठेवली, त्याचा कार्यक्रम झाला. आता मुक्कामाला कोणी नसतं. वॉर्डात एक पेशंट होत्या, त्या भागातल्याच. मी लस्केंटायरला जाऊन आले म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वाळू होती का जागेवर?" मला विनोद कळला नाही. मग म्हणाल्या, दर वादळानंतर ती हलते, लहानपणी वाट वेगळीकडून जायची.

निनावी

सप्टेंबरमध्ये परत जातोय, फेरी सुटली तर. एक प्रश्न, धुक्यातसुद्धा जी वाळू गाडीत आली ती कार्पेटमधून कशी काढायची? आठ महिने झाले.

धागाकर्ती (ग्लासगो)

निघत नाही. आमच्या पुरीच्या डब्याच्या झाकणात अजून आहे.