दादाच्या गोळ्या तालुक्याला मिळतील का?

कोकणातला_धाकटा
दादाला स्किझोफ्रेनिया आहे, वय 41. अडीच महिने मनोरुग्णालयात होता, गणपतीआधी घरी आणला. आता बरा आहे. सकाळी गुरं सोडतो, संध्याकाळी बातम्या बघतो. अडचण गोळ्यांची. दर महिन्याला जिल्ह्याला जायचं म्हणजे पहाटे साडेपाचची एसटी, माझा खाडा आणि दिवसभर रांग. इथल्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं, तर खिडकीवरून उत्तर आलं, "मेंटलच्या गोळ्या इथे नसतात." 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात काही आहे म्हणतात, ते काय? आणि रुग्णाच्या वतीने सही लागली तर माझी चालेल ना? सख्खा भाऊ आहे मी.
(आई गोळी चहात विरघळवून देते. त्याला माहीत नाही.)

निवृत्त_सिस्टर
कलम 18 वाच. अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी ठिकाणी मोफत, आणि तीही ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे. दादाची गोळी रिस्पेरिडोन असेल तर ती यादीत आहे. पण खिडकीवरच्या माणसाशी भांडू नकोस, कपाटातच नसेल तर तो कुठून देणार? डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून वैद्यकीय अधीक्षकांना साधा अर्ज दे: गोळी कोणती, महिन्याला किती. दोन प्रती कर, एकीवर पोच घे. कागदावर रुग्ण नाही तर मागणीत आकडा नाही, आणि आकडा नाही तर माल नाही. नोकरीभर हेच पाहिलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तुमच्या तालुक्याला कोणत्या वारी येते तेही विचार. नाहीच कुणी सांगितलं तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव, 14416.

खानदेशी_मावशी
सहीचं मी सांगते. कलम 14, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेला माणूस. साध्या कागदावर दादाने स्वतः लिहायचं आणि सही किंवा अंगठा करायचा. सख्खा म्हणून तुझा नंबर आपोआप पहिला लागत नाही. त्याने कुणालाच नेमलं नसेल, तर नातेवाईक. तेव्हा आधी त्याला विचार.
आणि चहाचं बंद करा रे बाबा. मी लेकीला वर्षभर शिऱ्यातून दिली. कळलं त्या दिवसापासून तिने घरचं अन्न सोडलं. सहा आठवडे पुड्यातली बिस्किटं, तीही स्वतः फोडलेली.

कोकणातला_धाकटा
अर्ज दिला, पोच मिळाली. गोळ्या अजून नाहीत, पण टीम दुसऱ्या मंगळवारी येते हे कळलं. इतके महिने कुणी बोललं नव्हतं.
काल दादापुढे कागद ठेवला. बराच वेळ पेन फिरवत बसला, मग शाळेतल्या मित्राचं नाव लिहिलं. इथेच रिक्षा चालवतो तो. मी म्हटलं, मी का नाही? म्हणाला, "तू मला बांधून नेलंस."
नेलं होतं. जीपमध्ये, आईच्या लुगड्याने.
मित्र हो म्हणालाय. मंगळवारी त्याच्याच रिक्षातून तिघं जाऊ. चहाचं आईने अजून सांगितलेलं नाही.