स्पार्टा लढाया जिंकायचं ते अगोगेमुळे की कवायतीमुळे?

धागाकर्ता
प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याचा विषय निघाला की गाडी अगोगेवरच, म्हणजे मुलांच्या खडतर सक्तीच्या शिक्षणावरच येते. सातव्या वर्षी मुलगा घराबाहेर, वर्षाला एकच वस्त्र, युरोटस नदीकाठचे बोरू हातांनी तोडून केलेलं अंथरूण, अर्धपोटी जेवण, चोरी करताना सापडला तर फटके. हे हाल सोसले म्हणून ते लढाया जिंकले, हे मला मुळीच पटत नाही. त्यांची खरी ताकद हुकूम खालपर्यंत पोचवण्यात होती. इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो: राजाचा हुकूम पोलेमार्ककडे (राजाखालचा सेनाधिकारी), तिथून पलटणीच्या नायकाकडे, मग ‘पन्नाशी’ नावाच्या तुकडीच्या प्रमुखाकडे आणि शेवटी एनोमोटिया या तीसेक जणांच्या तुकडीच्या म्होरक्याकडे. समोरचे त्वेषाने धावून येत होते, स्पार्टन मात्र रांग तुटू नये म्हणून पाव्याच्या तालावर सावकाश चालत होते. बाकीच्या नगरांचे शेतकरी-सैनिक शूर होतेच. त्यांची अशी कवायत कुणी घेतली नव्हती, एवढंच.

प्रतिसाद १
अहो, मँटिनिया तर तुमच्याच विरोधात जातं! राजा एजिसने ऐन वेळी डावी बाजू आणखी डावीकडे सरकवली आणि फळीत भगदाड पडलं. ते बुजवायला सांगितलं तर दोन पोलेमार्क जागचे हललेच नाहीत. पुढे त्यांना हद्दपार केलं. म्हणजे तुमची हुकमाची साखळी वरच्याच कडीला तुटली. डावी बाजू मोडली, तरी मधली माणसं डगमगली नाहीत आणि लढाई जिंकली. त्या दिवशी स्पार्टन कौशल्यात कमी पडले, धैर्याने जिंकले, असं थ्युसिडिडीजच म्हणतो. फळीत प्रत्येकाची उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीच्या भरवशावर असते. तो भरवसा लहानपणापासून एकत्र वाढल्याशिवाय येत नाही.

धागाकर्ता
भरवसा हवाच. पण पर्शियनांविरुद्धच्या थर्मोपिलीच्या लढाईत स्पार्टनांनी काय केलं ते इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. पळाल्यासारखं करून पाठ फिरवायची, पर्शियन ओरडत मागे लागले की एकदम गर्रकन वळून त्यांना कापायचं. नुसत्या धैर्यावर हे करायला गेलं तर आपलीच फळी उधळेल.

प्रतिसाद २
तुम्ही दोघंही हेलोटांना, म्हणजे स्पार्टाच्या ताब्यातल्या दासांना विसरताय, आणि मला याचाच राग येतो. कवायतीला फुरसत मिळाली ती हेलोट शेत कसत होते म्हणून. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाला ५००० स्पार्टन होते आणि हिरोडोटसच्या हिशेबाने दर माणसामागे सात हेलोट. शौर्य गाजवलेल्या सुमारे २००० हेलोटांना स्वातंत्र्याचं आमिष दाखवून, डोक्यावर माळा चढवून देवळांभोवती मिरवलं आणि मग गुपचूप नाहीसं केलं. ही गोष्ट वगळून स्पार्टाच्या शिस्तीचं कौतुक करू नये.

प्रतिसाद ३
शिस्तही किती तोकडी होती बघा. स्फॅक्टेरिया बेट, इ.स.पू. ४२५: अथेन्सचे तिरंदाज आणि भालाफेके जवळ येईचनात, शेवटी २९२ जण शरण गेले, त्यात १२० च्या आसपास अस्सल स्पार्टन नागरिक. लेकायन, इ.स.पू. ३९०: अथेन्सचा सेनापती इफिक्रेटीज याच्या हलक्या पायदळाने ६०० ची तुकडी अशीच लांबून टिपली, अडीचशेच्या आसपास माणसं गेली. पस्तीस वर्षांत काय शिकले? ल्युक्ट्राला, इ.स.पू. ३७१ मध्ये, थीब्ज नगराचा सेनापती एपामिनोंडास याने डावी बाजू ५० रांगा खोल केली. स्पार्टन १२ रांगांवरच. ७०० नागरिकांपैकी ४०० पडले, राजा क्लिओम्ब्रोटसही गेला. ही तूट भरून काढायला माणसंच उरली नव्हती, कारण नागरिकांच्या सामायिक पंगतीसाठीचा आपला शिधा देता आला नाही की नागरिकत्वच जायचं.

धागाकर्ता
त्याच थीब्जच्या सेक्रेड बँड या ३०० जणांच्या निवडक तुकडीचा सराव नगराच्या खर्चाने व्हायचा. तिथे कुठलीही अगोगे नव्हती. तरी इ.स.पू. ३७५ मध्ये टेगायराला त्यांनी आपल्याहून मोठ्या स्पार्टन फौजेला पळवून लावलं. लहान पोरांना उपाशी न ठेवताही अशी माणसं तयार होतात, हेच मी म्हणतोय.

प्रतिसाद १
परंपरा सांगते की सेक्रेड बँडमध्ये एकमेकांवर जीव असलेल्या जोड्या शेजारी-शेजारी उभ्या असत. इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला मॅसिडोनियापुढे ते जागा न सोडता मेले. ते कवायतीने घडलं असं मी मानणार नाही.